सुट्टीत गेलेली मिशी

चाळीस वर्षं मी गावच्या डेअरीत दुधाची फॅट मोजली. किटली खाली टेकायच्या आत, आणणाऱ्याच्या चालीवरून मला कळायचं की आज पाणी किती पडलंय. सांगायचा मुद्दा असा, की मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. तरीही गेल्या मे महिन्यात मी असा काही फसलो, की माझ्याबरोबर अख्खी भावकी तोंडघशी पडली.

आधी घरची परिस्थिती सांगतो. आमच्या हिच्या पोटात गाठ निघाली. थंडीत पुण्याला ऑपरेशन झालं, मग केमोचे डोस सुरू झाले. केस गेले, त्याचं तिला फार वाटलं नाही. "विंचरायची कटकट मिटली," म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधून मोकळी झाली. खरी पंचाईत जेवणाची होती. ताटात काही टाकलं म्हणून जिने मला आणि गड्यांना आयुष्यभर एकाच सुरात झापलं, ती बाई भाताच्या पेजेकडे बघून म्हणायची, "ऱ्हाऊ द्या." वजन उतरत चाललं होतं. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या वेळेपर्यंत आणखी घटलं तर डोस थांबवावे लागतील. थांबले तर पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची मला भीती वाटली.

मग मी काय केलं? मला जे येतं ते. मोजायला लागलो. तिने किती घास खाल्ले, घास लहान होता की मोठा, गिळला की गालात धरला, सगळ्यावर माझी नजर. हातात वाटी घेऊन मी तिच्या मागे घरभर फिरायचो. जोडीला तिची धाकटी बहीण राहायला आलेली, तीही चमचा घेऊन. आई मेलेल्या वासराला बाटलीने दूध पाजतात, तशी आमच्या दोघांच्या मध्ये तिची अवस्था झाली होती.

त्यात भेटायला येणारे. आमच्या महाळुंगे पडवळला काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात, आजारी माणसाला भेटून आलं नाही तर बोल लागतो. त्यामुळे माणसं यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि सुरू करायची, "आमच्या चुलत्याला सेम असंच झालं व्हतं. डॉक्टर म्हणलं, बरं वाटंल. पंधरा दिसांत गेलं." एकदा एका बाईने सलग सहा मयतं सांगितली, चहा घेतला, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवला आणि "जिवाला जप हां" म्हणून गेली. त्या दिवशी हिने आपला फोन बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

अशात पुण्याहून नातवंडं आली. नात दहा वर्षांची, नातू सात. सुट्टीत भीमाशंकरला नेईन, रानात मुक्काम करू आणि शेकरू बघू, असं आजीने त्यांना केव्हाच कबूल केलं होतं. शेकरू म्हणजे झाडाच्या शेंड्यावर राहणारी, मांजराएवढी तांबडी खार. आजीला आता जमणार नाही हे पोरांना कळत होतं. म्हणून ती हट्ट करत नव्हती, नुसती पलंगाशी बसून तिच्याकडे बघत राहायची. तेच तिला सोसेना.

"अवो, तुमी तिघं जाऊन या," ती एका सकाळी म्हणाली.

"तुला अशी टाकून सहलीला जाऊ? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

"लोकांना मी सांगंन, मीच धाडलंय म्हणून. चार जण माझ्या तोंडाकडं टकामका बघत्यात, मी घास गिळायचा कसा? दोन दिस जावा. अन् मला शेकरूचा फोटू आणा. न्हाई आणला तर मी जेवायची न्हाई."

"तू तशीपण जेवत नाहीस," नातू म्हणाला. त्याला मी दटावलं, पण पोरगं खोटं बोललं नव्हतं.

दुधाच्या कॅन वाहायचा माझा जुना टेम्पो काढला. केबिनमध्ये आम्ही तिघं. टेम्पोला आंबट दुधाचा वास येतो, तो मला येत नाही, नातवाला आला. घोडेगाव मागे पडेपर्यंत त्याला एकदा उलटी झाली, डिंभ्याचं धरण दिसल्यावर दुसरी. नात माझ्या फोनवर दिसेल त्या झाडाचा फोटो काढत होती. मी म्हटलं, अगं, ही आंब्याची झाडं आहेत, इथे शेकरू नसतं. ती म्हणाली, "असलं तर?" हे उत्तर तिने आजीकडून उचललंय.

मुक्काम रानाच्या कडेला एका भातशेतीवाल्याच्या घरी होता. पोहोचल्यावर मी मेहुणीला फोन लावला.

"काय खाल्लं तिनं?"

"दोन घास भात."

"लहान का मोठे?"

"भाऊजी, ठेवा फोन," ती म्हणाली आणि तिनेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या मावशीने एक पिकलेला फणस समोर आणून ठेवला. "पावणं, सुरीला अन् हाताला त्याल लावून घ्या. चीक लई वाईट असतोय," असं सांगून ती शेताकडे गेली. मी म्हटलं, "मावशी, मीबी शेतकऱ्याच्याच पोटचा हाय." आमच्याकडे कांदा आणि बटाटा. फणस मी आयुष्यभर दुसऱ्याने सोललेला खाल्ला होता, पण एवढं सगळं तिला कशाला सांगा.

तेल लावलं नाही. फणस मधोमध कापला. पहिल्यांदा सुरी हाताला चिकटली, मग फणस सुरीला. नातू कोपरापर्यंत हात घालून गरे काढत होता आणि बोटं चाटत होता. तेवढ्यात नात कुजबुजली, "आजोबा! वर!"

खरंच शेकरू. शेपूट खाली सोडून निवांत काहीतरी कुरतडत बसलेलं. नातू म्हणाला, मला दिसत नाही, मला दिसत नाही. मी उत्साहाच्या भरात त्याला खांद्यावर घेतला. सात वर्षांचा पोरगा खांद्यावर बसला की कशाला तरी धरणारच. त्याने एका हाताने माझे केस धरले आणि दुसऱ्या हाताने मिशी. शेकरूने या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारली, नातवाने माझ्या मानेवर मारली. मी बोंब ठोकली. शेकरू जे गेलं ते गेलंच. नातवाला इतका आनंद झाला, की खाली उतरल्यावर त्याने दोन्ही हात आपल्या डोक्यावर ठेवून अंगणात गोल गोल नाच केला. फोटोत एक तांबडी रेघ आणि माझी उघडी जिवणी, एवढंच आलं.

नाच संपल्यावर त्याचे हात डोक्यावरून निघेनात. मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या मिशीचं डावं टोक गालाला चिकटलंय.

पाण्याने त्याचे हात कसेबसे सुटले, पण केसांतला चीक निघेना. साबण लावला तर चिकाला फेस आला, सुटला नाही. नात शहाणी, ती म्हणाली, "आजोबा, आजीला फोन करू. तिला माहीत असेल."

"काही गरज न्हाई," मी म्हणालो. तासापूर्वीच मी मेहुणीला फोनवर सांगितलं होतं, की सगळं एकदम झकास चाललंय, हिला सांग काळजी करू नको. आता कुठल्या तोंडाने सांगणार, आणि ते तोंडही अर्धं चिकटलेलं. मी स्वतःच्या अकलेने दोघांच्या डोक्याला माती चोळली. म्हटलं, वाळली की चिकासकट पडेल. वाळली, पण पडली नाही. टोपी घातली ती टोपी अडकली, काढताना अस्तर डोक्यावर राहिलं. त्यावर वाऱ्याने पालापाचोळा येऊन बसला. देवळापाशी दोघा-तिघा मुंबईकरांनी आमचे फोटो काढले. आम्हाला काय समजले ते त्यांनाच ठाऊक.

परतीच्या वाटेवर दुपारी घोडेगावात पहिला न्हावी दिसला तिथे टेम्पो उभा केला. न्हाव्याने माझ्याकडे बघितलं, नातवाकडे बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "समदं काढायचं?"

"समदं."

"दोघांचं?"

"दोघांचं. माझी मिशीबी."

त्याने उठून टीव्ही बंद केला. अर्धा तास तो काम करत होता आणि एक शब्द बोलला नाही. राजकारण नाही, पाऊसपाणी नाही, गाव कुठलं हेसुद्धा विचारलं नाही. न्हावी गप्प बसला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण माझं सगळं लक्ष आरशात. लग्नाच्या आधीपासूनची मिशी ती. ती गेल्यावर खालून जो इसम निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय," आणि हसून हसून खुर्चीवरून खाली पडली.

आता बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्याकडे बाप्याचं डोकं आणि मिशी एकाच वेळी उतरते ती घरातलं माणूस गेल्यावर. हे मला माहीत नव्हतं का? माझ्या वडिलांच्या वेळी नदीवर मीच बसलो होतो वस्तऱ्याखाली. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त चीक होता, आतून आणि बाहेरून.

तिथून आम्ही स्टँडसमोर उसाचा रस प्यायला बसलो. एवढ्यात एक एसटी हळू झाली आणि खिडकीत लोणीचे दाजी दिसले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. त्यांनी माझा गोटा बघितला. शेजारी नातवाचा गोटा बघितला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी खिडकीतूनच दोन्ही हात जोडले. मीही जोडले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, उकडत असेल. एसटी गेली. मी नातवाला म्हटलं, बघ, आपले दाजी किती मायाळू आहेत.

त्यानंतर आमच्या टेम्पोचं चाक बसलं. जॅक घरी. झाडांचे फोटो काढून काढून नातीने फोनची बॅटरी संपवलेली. पंक्चरवाला सापडून चाक चढेपर्यंत तीन तास गेले.

ऊन कलताना आम्ही आमच्या आळीच्या वळणावर आलो, आणि मी ब्रेक दाबला.

दोन्ही बाजूंना मोटारसायकली लावलेल्या. लिंबाच्या झाडाखाली पांढऱ्या टोप्या घालून पंचवीस-तीस बापे ओळीने बसलेले. माझा टेम्पो ओळखून एकाने तोंड वर केलं, माझं डोकं बघितलं आणि झटकन मान खाली घातली. मग सगळ्यांनीच घातल्या. कोणी "आला का" म्हणालं नाही. पुण्याला असणाऱ्या माझ्या मुलाची गाडी वाकडीतिकडी उभी, दार सताड उघडं. आणि आमच्या ओट्यावर झाकलेली पातेली आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आळीतल्या बायका पिठलं-भाकरी आणून देतात. मी स्वतः किती घरांत अशी पातेली पोहोचवलीत.

माझे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. ती गेली, आणि मी रस पीत होतो. शेवटचे दोन दिवस होते तिचे, आणि मी ते माकडचाळे करण्यात घालवले. तिने जा म्हटलं आणि मी गेलो, कारण खरं सांगायचं तर मला त्या घरातून पळायचंच होतं. वाटी घेऊन तिच्या मागे फिरून माझा जीव मेटाकुटीला आला होता. हे सगळं मला तिथे, त्या केबिनमध्ये, एका झटक्यात कळलं.

"आजोबा, आपल्याकडे लग्न आहे का?" नातवाने विचारलं.

मी कसाबसा उतरलो. दाजी टोपी हातात घेऊन पुढे आले. त्यांनी नुसता दाराकडे हात केला. ओट्यावर आक्का तोंडाला पदर लावून बसली होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. मी तिला ओलांडून आत गेलो.

आमची ही भिंतीला टेकून सतरंजीवर बसली होती. रुमाल कपाळावर सरकलेला, मांडीत ताट. शेजारी मुलगा लाल डोळे पुसत बसलेला. ती पिठलं-भाकरी खात होती.

"या," ती घास गिळून म्हणाली. "तुमचीच वाट बघत व्हते. तुमीच तेवढे रडायचे ऱ्हायला व्हता."

मी मटकन खाली बसलो. बाहेर आक्काचे खांदे हसण्याने हलत होते, हे मला आता कळलं.

झालं होतं ते असं. दाजींनी मंचरला उतरल्याबरोबर फोन सुरू केले. माझा बंद, हिचा बंद. म्हणजे खात्रीच. मग त्यांनी भावकीत कळवलं आणि शेवटी मुलाला फोन केला. आता आमच्याकडे असल्या वेळी लांबच्या लेकराला खरं सांगत नाहीत, वाटेत धीर सुटू नये म्हणून. म्हणून दाजी म्हणाले, "आईची तब्येत जरा जास्त हाय. निघून ये." मुलाने घाबरून मावशीला, म्हणजे माझ्या मेहुणीला, फोन लावला. मावशी म्हणाली, "अरे, बरी हाय की. झोपलीय." आणि असल्या वेळी मावशा नेमकं हेच सांगतात, हे त्याला चांगलं माहीत होतं. तो रडत रडतच निघाला.

इकडे आक्काने रिवाजाप्रमाणे वळणापासूनच गळा काढला, "माझी वहिनी गंऽऽ!" तो ऐकून ही पलंगावरून उठली आणि ओट्यावर येऊन शेजारणीला विचारती झाली, "कोण गेलं गं?" शेजारीण पिठल्याचं पातेलं घेऊन पायरी चढत होती. तिने ते तिथेच टेकवलं आणि अशी किंचाळली, की लिंबाखालचे बापे उठून उभे राहिले. शरमेने कोणाला तिथून निघता येईना आणि कोणाला तिच्याकडे बघता येईना. बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या शांततेत पातेल्याचं झाकण सरकलं आणि लसणाचा वास सुटला.

"माझ्याच नावानं केलंय ना?" ही म्हणाली. "मग वाढा की."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती जेवत होती आणि कोणी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. पुढच्या खेपेला वजन भरलं आणि डोस मिळाला, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. त्यानंतरही तीन मिळाले. पण त्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं.

सगळं सांगून झाल्यावर तिने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. हातातला तुकडा ताटात ठेवला.

"जवळ या."

मी सरकलो. तिने माझ्या गोट्यावरून हात फिरवला. बोटांना पिठलं लागलेलं, तसाच. मग ओठाच्या वर, जिथे मिशी होती तिथे बोट ठेवलं.

"असे दिसणार व्हय तुमी," ती हळूच म्हणाली. "मी गेल्यावर."

मुलगा उठून बाहेर गेला.

"लई बिचारे दिसताय," ती म्हणाली. "मला न्हाई बघवत."

मग मी रडलो. मेहुणी, शेजारीण, आळीतल्या बायका, सगळ्यांच्या देखत, लहान पोरासारखा. "मला एकट्याला न्हाई जमायचं गं," मी म्हणालो. "दोन दिस तू संगं न्हवतीस, तर मी डोकं अन् मिशी घालवून आलो. पुढचं सगळं कसं करू?"

तिने माझं तोंड पदराने पुसलं. मग ताट बहिणीकडे सरकवलं.

"अजून अर्धी वाढ गं," ती म्हणाली.